तापीवरील चांदण्यातली वल्हेसफर

आपल्याकडे कोजागरी आटोपली की दुसऱ्या दिवशी सुरतेत चंदनी पडवो साजरा होतो. आश्विन वद्य प्रतिपदेच्या या रात्री सुरतकर घरांच्या गच्चीवर, रस्त्याकडेला, डुमसच्या किनाऱ्यावर बसून घारी आणि फरसाण खातात. शहराच्या मध्यातून तापी वाहत असल्याने या दोन रात्रींत होडी किंवा कयाक घेऊन पाण्यात उतरण्याचा मोह स्वाभाविक आहे. मात्र चांदणे कितीही लख्ख असले तरी अशा सफरीची आखणी चंद्रोदयावरून न करता पाण्यावरून करावी लागते.

मध्य प्रदेशातील मुलताई येथे उगम पावणारी आणि खानदेश ओलांडून गुजरातेत शिरणारी तापी सुमारे ७२४ किलोमीटर लांबीची आहे. सुरतेत मात्र तिचे दोन वेगळे जलाशय मानावे लागतात. १९९५ साली रांदेर व सिंगणपोर यांच्या दरम्यान बांधलेला बंधारा-पूल, ज्याला सुरतकर ‘कॉझवे’ म्हणतात, ही त्यांची सीमारेषा. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला गोडे, साठलेले पाणी असते, तर खालच्या अंगाला मगदल्ला व डुमसपर्यंत भरती-ओहोटीची सत्ता चालते.

खालच्या पात्राचा विचार करताना खंभातचे आखात ध्यानात घ्यावे लागते. नरसाळ्यासारख्या निमुळत्या होत जाणाऱ्या या आखातात भरतीचे पाणी दाटत जाते. भावनगरजवळ उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीतील फरक दहा मीटरांच्या आसपास पोहोचतो. मुरगाव बंदरात हाच फरक दोन मीटरांच्या जवळपास असतो. तापीच्या मुखाशी तो भावनगरइतका नसला तरी गोव्याच्या दुपटीहून अधिक असतो. मांडवीवर वल्हवण्याची सवय असलेल्याने तोच अंदाज येथे लावू नये. पौर्णिमेला सूर्य व चंद्र यांची ओढ एका रेषेत येते आणि उधाणाचा जोर त्यानंतर एक-दोन दिवसांनी सर्वाधिक असतो. म्हणजे चंदनी पडवोची रात्र नेमकी उधाणाची रात्र ठरते.

कोकणातील जुन्या ठोकताळ्यानुसार तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, प्रतिपदेला पाऊण वाजता. हा हिशेब मुंबईच्या किनाऱ्याचा. सुरतेत पाणी त्याहून उशिरा चढते आणि नदीत आत जावे तसा विलंब वाढतो. याचा व्यवहारातील अर्थ महत्त्वाचा आहे. चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास, किंवा प्रतिपदेला त्यानंतर थोड्या वेळाने उगवतो, तेव्हा पाणी समुद्राकडे ओसरत असते. ज्या घटकेला सर्वांना पाण्यात उतरावेसे वाटते, त्याच घटकेला ओहोट होडीला मुखाकडे खेचत असते आणि दोन्ही काठांवर गुडघाभर गाळ उघडा पडलेला असतो. त्या गाळातून काठ गाठणे दिवसाही कठीण असते. भरतीचे पुरते पाणी मध्यरात्रीनंतर मिळते. नेमकी वेळ त्या ठिकाणच्या भरतीच्या कोष्टकातून घ्यावी.

या वाळूच्या दांड्यांनी इतिहासही घडवला आहे. मुखाशी पाणी उथळ असल्याने मोठी जहाजे सुरतेपर्यंत येत नसत. ती सुवाळीला नांगर टाकीत आणि माल लहान होड्यांनी नदीतून जाई. नोव्हेंबर १६१२ मध्ये तेथेच कॅप्टन थॉमस बेस्टच्या इंग्रज जहाजांची पोर्तुगीज आरमाराशी गाठ पडली, तेव्हा पोर्तुगीजांची तीन मोठी लढाऊ जहाजे वाळूत रुतली होती. ती पुन्हा तरंगती करता आली, हे त्यांचे नशीब.

मग वरचे, बंधाऱ्याआडचे पाणी बरे का? सामान्य हौशी माणसासाठी होय, पण एका अटीवर. बंधाऱ्यावरून पाणी वाहत असताना वरच्या बाजूने पाहणाऱ्याला त्याची कड चांदण्यात एक गुळगुळीत रेघ वाटते. खाली कोसळणारे पाणी तेथल्या तेथे उलटे फिरते आणि त्यात सापडलेल्याला बाहेर फेकत नाही. शरदात धोका वाढतो, कारण सुरतेच्या वर सुमारे शंभर किलोमीटरवरचे उकाई धरण पावसाळ्याअखेर बहुधा भरलेले असते आणि उशिराचा पाऊस झाला तर दरवाजे उघडावे लागतात. ऑगस्ट २००६ मधील विसर्गाने शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला होता, हे सुरत विसरलेली नाही. म्हणून उतरण्याची जागा बंधाऱ्यापासून काही किलोमीटर वर निवडावी, आधी प्रवाहाविरुद्ध वर जावे आणि दमल्यावर प्रवाहासोबत परतावे. उतरण्याच्या जागी दिवा लावून एक माणूस बसवावा, नाहीतर परतताना ती जागा मागे पडल्याचे कळत नाही. जलपर्णीचे तरंगते पुंजके चांदण्यात काठासारखे दिसतात, त्यांची वाट दिवसा पाहून ठेवावी.

परवानगीचा प्रश्न वेगळाच. मगदल्ला हे गुजरात मेरीटाइम बोर्डाच्या अखत्यारीतील बंदर आहे. शहरातील पात्रासाठी महापालिका व पोलीस यांच्याकडे आधी विचारणा करावी. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात होडी उलटून १२ विद्यार्थी व दोन शिक्षिका दगावल्या. होडीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि अनेकांच्या अंगावर जीवरक्षक जाकीट नव्हते. शांत तलावात, दिवसाउजेडी हे घडले. रात्री जाकीट प्रत्येकाने अंगात घातलेले असावे. होडीत ठेवलेले जाकीट मोजू नये. वल्ह्याच्या होडीला आंतरराष्ट्रीय नियमांनुसार निदान एक पांढरी विजेरी हाताशी लागते, टक्कर टाळण्यासाठी ती वेळेवर दाखवता यावी म्हणून. ती सतत लावून ठेवली तर डोळे चांदण्याला सरावत नाहीत. खालच्या पात्रात मच्छीमारांची डोल जाळी खुंटांना बांधलेली असतात, त्यांची जागा डुमस-मगदल्ल्याच्या मच्छीमारांनाच विचारावी.

त्या आठवड्यात बंधाऱ्यावरून पाणी वाहत असेल, तर बेत पुढच्या पौर्णिमेवर ढकलावा. कार्तिकी पौर्णिमेला नदीचा जोर उतरलेला असतो, हवा कोरडी असते आणि चंद्र तोच असतो. घारीचा सण मात्र तोवर सरलेला असतो.