कोरड्या गावचा नावाडी

बार्शीचा माणूस नौकानयनाचा इतिहास सांगणार म्हटल्यावर पहिलं हसू आमच्या घरातच झालं. आमच्या गावाला समुद्र ठाऊक तो भूगोलाच्या पुस्तकातला आणि होडी ठाऊक ती पहिल्या पावसात गटारात सोडायची, कागदाची. इतिहासानेही आमच्या बाबतीत जरा पक्षपातच केला. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १८९७ साली बार्शीला अडीच फुटी रुळांची आगगाडी आणली. हाच गृहस्थ पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात वैमानिकांसाठी पॅराशूट करू लागला. म्हणजे जमिनीची सोय झाली, आकाशाची झाली. पाण्याचं तेवढं राहून गेलं!

त्याच चिमुकल्या गाडीने कुर्डूवाडी गाठून, पुढे मोठी गाडी पकडून, १९७१ साली मी पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात दाखल झालो. कॉलेज १८५४ सालचं. (२०२२ साली त्याचं विद्यापीठ झालं, तेव्हा आमचा बोट क्लबही घरबसल्या विद्यापीठाचा झाला.) क्लब १९२८ सालचा. विद्यार्थ्यांनी नावांच्या शर्यती लावायच्या, ही मूळ ऑक्सफर्ड आणि केंब्रिजची खोड, १८२९ पासूनची. १९१२ साली तर दोघांच्याही नावा बुडाल्या, तरी त्यांनी पुन्हा शर्यत लावून निकाल लावलाच. असल्या चिवट हौसेचं रोपटं मुळा-मुठेच्या संगमाजवळ लागलं त्या वर्षी देश सायमन कमिशनला काळी निशाणं दाखवत होता आणि बार्डोलीचे शेतकरी सारा द्यायला नकार देत होते. अशा धामधुमीत आमच्या पूर्वजांनी वल्ही मोजून कुठल्याशा वहीत लिहून ठेवली असणार, याबद्दल मला शंका नाही. कारण क्लब म्हणजे वही, हे मी अनुभवाने सांगतो.

नाव पाण्यात असते दिवसाचा तासभर. उरलेले तेवीस तास ती छपराखाली असते, आणि क्लब चालवायचा असतो तो या तेवीस तासांत. किल्ली कुणाकडे, कयाक कोण घेऊन गेलं, व्हार्निशचा डबा कालच आणला तो आज रिकामा कसा! मला पोहता येत नव्हतं, म्हणून वही माझ्याकडे आली. वल्ही जोडीने बाहेर जात आणि कधीकधी विषम संख्येत परत येत. त्याचा जमाखर्च मी ज्या पोटतिडकीने ठेवला, तेवढ्या पोटतिडकीने गणित केलं असतं तर पहिल्या वर्गात आलो असतो.

विद्यार्थ्यांच्या संस्थेची गंमत अशी, की चार-पाच वर्षांत तिथली सगळी माणसं बदलतात. शहाणपण आलं की माणूस पास होऊन निघून जातो. मग संस्थेची आठवण राहते ती एखाद्या जुन्या गड्याच्या डोक्यात. आमच्याकडे ते डोकं नावाडी मामांचं होतं.

१९७२ च्या उन्हाळ्यात सुट्टीवर जाण्यापूर्वी मी पंट, म्हणजे सपाट बुडाची लाकडी होडी, घासूनपुसून खणखणीत वाळवून ठेवली. जूनमध्ये ती पाण्यात लोटली आणि प्रत्येक सांध्यातून नदी आत आली. मी वही डोक्यावर धरून गुडघाभर पाण्यातून काठाला लागलो.

मामा म्हणाले, "बार्शीकर, तुमच्याकडं बैलगाड्या न्हाईत व्हय?"

लख्ख उजेड पडला. आमच्याकडे उन्हाळ्यात गाडीची चाकं ओढ्यात भिजत टाकतात. लाकूड आटलं की लोखंडी धाव निसटते म्हणून. नावेचंही तेच. ती पाण्याने बिघडत नाही, पाण्यावाचून बिघडते. पंट दोन-तीन दिवस बुडवून ठेवली. फळ्या फुगल्या, सांधे मिटले. मी ऐटीत वहीत नोंद केली : 'पंट भिजत घातली.'

त्या वर्षी पाऊस आलाच नाही. अण्णांचं पत्र आलं : ओढा कोरडा आहे, दोन्ही चाकांच्या धावा निसटल्या, भिजवायला पाणी नाही. शेजारची माणसं खडी फोडायला जातात. माझ्यासमोर वही उघडी होती. मी उत्तर लिहिलं, 'अभ्यास बरा चालला आहे.'

दिवाळीत घरी गेलो. अंगणात चाकं भिंतीला टेकून उभी होती. पाण्याच्या रांगेत घागरी मांडून बसल्यावर अण्णांनी विचारलं, "कॉलेज सुटल्यावर काय करतोस रे तिकडं?"

आता खोटं बोलवेना. सांगून टाकलं. होड्या मोजतो, धुतो, पाण्यात भिजत घालतो. वाटलं, आता इथेच घागर डोक्यात बसणार.

अण्णा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "नदीला पाणी हाय न्हवं?"

"आहे."

"मग वाळू दिऊ नको."

आमचा नंबर आला तेव्हा घागरी निम्म्याच भरल्या. मी सुट्टी संपायच्या दोन दिवस आधी पुण्याला परतलो. मामांनी विचारलं, "लवकर आलासा?" मी काहीच बोललो नाही. पंटेच्या सांध्यांवरून हात फिरवून पाहिला, ओल होती. मग वही काढली आणि वल्ही मोजायला बसलो. एक कमी होतं.