जखम महिनोन्महिने का भरत नाही? जिवाणूंचं 'घर' आणि ते मोडण्याचे नवे मार्ग

कुडाळ तालुक्यातल्या वालावलचं लक्ष्मीनारायण मंदिर आणि त्याच्या शेजारचा तलाव तुम्ही फोटोत तरी पाहिला असेल. कोकणात पावसाळ्यात कुठल्याही तळ्याच्या पायऱ्या उतरताना पाय जपून टाकावा लागतो, कारण दगडावर बुळबुळीत थर चढलेला असतो. नुसतं पाणी ओतून तो जात नाही, घासावाच लागतो. त्या थरात शेवाळासोबत असंख्य जिवाणू एकमेकांना धरून राहत असतात.

असाच थर माणसाच्या शरीरातही बसतो. त्याला 'बायोफिल्म' म्हणतात. गोळ्या-इंजेक्शनं घेऊनही जी जखम भरत नाही, तिच्यामागे बरेचदा हाच थर असतो.

बायोफिल्म म्हणजे काय?

सुटा जिवाणू द्रवात तरंगत असतो. योग्य पृष्ठभाग मिळाला की तो चिकटतो, त्याची संख्या वाढते आणि मग सगळे मिळून साखरेसारखे पदार्थ, प्रथिनं आणि डीएनए यांचा चिकट लगदा तयार करतात. हे झालं त्यांचं घर.

सकाळी उठल्यावर दातांवरून जीभ फिरवली की जो चिकटपणा लागतो, ती बायोफिल्मच. डच संशोधक लेवेनहूक यांनी १६८३ मध्ये स्वतःच्या दातांवरचा थर सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्यातल्या जिवांचं वर्णन लिहून ठेवलं होतं. दातांवरचा थर ब्रशने निघतो. पण तोच प्रकार लघवीच्या नळीत, बदललेल्या गुडघ्यावर, हृदयाच्या कृत्रिम झडपेवर, हाडात किंवा जुन्या जखमेत झाला, तर तिथे ब्रश पोहोचत नाही.

औषध का लागू पडत नाही?

याची मुख्य कारणं तीन आहेत. पहिलं, चिकट लगद्यातून काही औषधं आतपर्यंत नीट पोहोचत नाहीत. दुसरं, आतले जिवाणू जवळजवळ झोपल्यासारखे असतात. अनेक अँटिबायोटिक्स वाढणाऱ्या जिवाणूंवरच मारा करतात, त्यामुळे निपचित पडलेले वाचतात. तिसरं, आपल्या पांढऱ्या पेशींनाही हा थर सहज गिळता येत नाही.

परिणाम असा की, सुट्या जिवाणूला मारणाऱ्या मात्रेच्या हजारपट मात्राही कधी कधी बायोफिल्मला पुरत नाही. एवढी मात्रा माणसाला देताच येत नाही.

म्हणूनच एक कोडं अनेक घरांत पडतं: 'कल्चर रिपोर्टमध्ये हे औषध चालेल असं लिहिलंय, मग जखम का भरत नाही?' कारण ती चाचणी सहसा सुट्या जिवाणूंवर केलेली असते. जखमेतले जिवाणू मात्र घर बांधून बसलेले असतात.

सगळ्यात जास्त धोका कुणाला?

मधुमेह असलेल्यांना. बऱ्याच वर्षांच्या मधुमेहाने पायाच्या नसा बधिर होतात आणि रक्तपुरवठाही कमी होतो. लावणीच्या दिवसांत अनवाणी चिखलात उभं राहिलं, काटा रुतला, तरी कळत नाही. चार दिवसांनी पाय सुजल्यावर लक्ष जातं. मग कुडाळ, ओरोस आणि शेवटी गोव्यातलं बांबोळी अशी धावपळ होते. तोवर संसर्ग हाडापर्यंत गेला असेल, तर बोट किंवा पाय कापण्याची वेळ येते.

यावर आजचा सर्वांत भरवशाचा उपाय जुनाच आहे: डॉक्टरांनी जखम खरवडून मेलेला भाग काढणं. याला डिब्राइडमेंट म्हणतात. थर मोडल्यावर पहिले एक-दोन दिवस जिवाणू उघडे पडलेले असतात आणि औषध तेव्हाच नीट काम करतं. नंतर थर पुन्हा जमू लागतो. म्हणून ही सफाई अनेकदा करावी लागते.

नवे मार्ग कोणते?

नवं अँटिबायोटिक: मुंबईच्या वोक्हार्ट कंपनीच्या लेव्होनाडिफ्लोक्सासिन या औषधाला २०२० मध्ये भारतात मंजुरी मिळाली. ते त्वचेच्या गंभीर संसर्गासाठी आहे आणि त्यात मधुमेही पायाचा संसर्गही येतो. प्रयोगशाळेत ते स्टॅफिलोकोकसच्या बायोफिल्मवरही परिणामकारक दिसलं आहे.

चांदीचे सूक्ष्मकण: पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचं जेल तयार करून २००९ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. चांदी जिवाणूवर एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव घालते.

पेप्टाइड: म्हणजे प्रथिनांचे छोटे तुकडे. यातले काही जिवाणूंचं आवरण फोडतात. बायोफिल्मवर कोणते पेप्टाइड चालतील हे शोधायला मदत व्हावी म्हणून पुण्यातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये 'बी-एएमपी' हा खुला माहितीसंग्रह तयार केला.

फेज: हे जिवाणूंना खाणारे विषाणू. १८९६ मध्ये अर्नेस्ट हॅन्किन यांनी गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जिवाणू मरतात अशी नोंद केली. १९१७ मध्ये फेलिक्स देरेल यांनी या विषाणूंना 'बॅक्टेरिओफेज' नाव दिलं. काही फेज बायोफिल्मचा लगदा विरघळवणारी विकरंही सोबत आणतात. अडचण अशी की एक फेज ठरावीक जिवाणूलाच मारतो, त्यामुळे प्रत्येक रुग्णासाठी जुळणारा फेज शोधावा लागतो. आपल्याकडे हा अजून नेहमीचा उपचार झालेला नाही.

या सगळ्यांत एक धागा समान आहे. भर फक्त जास्त जहाल औषधावर राहिलेला नाही. आधी घर मोडा किंवा आतपर्यंत पोहोचा, मग जिवाणू मारा, असा विचार त्यामागे आहे.

तोवर आपण काय करायचं?

• मधुमेह असेल तर रोज रात्री दोन्ही तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहा. स्वतःला दिसत नसेल तर घरातल्या कुणाला बघायला सांगा. शेतात गमबूट घाला.

• जखमेवर हळद, पाला, टूथपेस्ट किंवा गोळीची पूड भरू नका. मधुमेह असताना जखम दोन-तीन दिवसांत सुधारली नाही तर डॉक्टरांना दाखवा. लाली, सूज, पू, काळेपणा किंवा ताप असेल तर त्याच दिवशी जा.

• बरं वाटलं म्हणून औषध मध्येच सोडू नका. मेलिऑयडोसिस हा मातीतल्या जिवाणूचा आजार याचं मोठं उदाहरण आहे. उडुपी-मंगळुरूपासून गोव्यापर्यंतच्या किनारपट्टीवर तो आढळतो, पावसाळ्यात वाढतो आणि मधुमेहींना जास्त गाठतो. त्यात आधी किमान दहा-चौदा दिवस शिरेतून आणि नंतर साधारण तीन महिने गोळ्या घ्याव्या लागतात. मध्येच थांबवलं तर तो उलटू शकतो.

• जुन्या जखमेसाठी तिसऱ्यांदा अँटिबायोटिक लिहून दिलं, तर डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: जखम आतून साफ करायची गरज आहे का? हाडाचा एक्स-रे काढायचा का? पायाचा रक्तपुरवठा तपासायचा का? हे प्रश्न वेळेत विचारले गेले, तर कित्येकदा पाय वाचू शकतो.