ठाण्याचा किल्ला : धनी आणि उपयोग

ठाणे शहरातील मध्यवर्ती कारागृहाभोवती जो तट आज उभा आहे, तो मूळचा पोर्तुगीजांच्या किल्ल्याचा होय. तथापि त्यास निव्वळ पोर्तुगीज म्हणणे अर्धसत्य ठरेल. १७३० नंतरच्या काही वर्षांत, मराठ्यांच्या स्वारीच्या धास्तीने त्याचे बांधकाम हाती घेण्यात आले. आणि मार्च १७३७ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने साष्टी बेट घेतले, त्या वेळी ते पुरेही झाले नव्हते. ज्या शत्रूसाठी तट उभारला त्याच्याच हाती तो अपुरा पडला, आणि त्याच्याच अमलात पूर्णत्वास गेला.

आखणी मात्र युरोपीय पद्धतीचीच राहिली. आपल्या गिरिदुर्गांचा तट डोंगराच्या अंगाने वळत जातो. येथे खाडीकाठच्या सपाट भूमीवर डोंगराचा आधार नव्हता. म्हणून कोनाकार बुरूज पुढे काढून व बाहेर खंदक खणून ती उणीव भरून काढलेली दिसते.

या खंदकाचे मोल इंग्रजांना डिसेंबर १७७४ मध्ये कळले. पोर्तुगीज आरमार साष्टी परत घेण्यास येत असल्याच्या वार्तेने मुंबईकर इंग्रज उतावळे झाले होते. किल्लेदाराशी पैशाची बोलणी फसली, तेव्हा त्यांनी वेढा घातला. खंदक भरण्याचा पहिला प्रयत्न मोठ्या हानीनिशी मागे हटला. दुसऱ्या दिवशी, २८ डिसेंबरला, एल्गार करून किल्ला घेण्यात आला. कमोडोर वॉटसन याच लढाईत कामास आला. साष्टीवरील इंग्रजांचा हक्क मात्र १७८२ च्या सालबाईच्या तहानेच पक्का झाला.

यापुढे तटाचे तोंड जणू आत वळले. गंगाधरशास्त्री पटवर्धनांच्या खुनाच्या आरोपावरून त्रिंबकजी डेंगळे १८१५ साली येथे कैदेत आले. पहाऱ्यावर सगळे गोरे शिपाई नेमले होते. १२ सप्टेंबर १८१६ च्या रात्री त्रिंबकजी निसटले. घोड्याचा खरारा करता करता एका मोतद्दाराने मराठी गाण्यातून त्यांना बेत कळविला, अशी हकीगत बिशप हेबर याने नोंदविली आहे. ती अक्षरशः खरी असो वा नसो, भाषा न जाणणाऱ्या पहारेकऱ्यांपुढे तट लंगडा पडला, एवढे खरे.

पुढे किल्ल्याचा रीतसर तुरुंग झाला. २ मे १८४८ रोजी राघोजी भांगरे, तर १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे येथेच फाशी गेले. १९४७ मध्ये धनी पुन्हा पालटला; उपयोग तोच राहिला. त्यामुळे वास्तू पडझडीतून वाचली, पण अभ्यासकास अजूनही बहुधा बाहेरूनच तिची पाहणी करावी लागते.