पणजोबांचा वस्तरा

सतवासचे नाव इतिहासाच्या पुस्तकांत येते ते बहुधा चितू पेंढाऱ्यामुळे. नर्मदेच्या उत्तरेची ही सागवानी राने त्याच्या आसऱ्याची होती. इंग्रजांच्या ससेमिऱ्यातून निसटलेला हा माणूस 1819 साली वाघाच्या तोंडी गेला. पुढे कन्नोद-नेमावरचा हा पट्टा होळकरी अमलात होता, त्या काळात आमचे पणजोबा कारकुनीसाठी इकडे आले. त्यांची एकच वस्तू घरात उरली आहे : एक वस्तरा. डबीवर वडिलांच्या अक्षरात 'पणजोबांचा वस्तरा' अशी चिठ्ठी.

निवृत्तीनंतर तो दुरुस्त करायला घेतला. मुठीच्या शिंगाच्या पट्ट्या कसरीने खाल्ल्या होत्या. रिवेटचे डोके कानशीने घासून पाते सुटे केले. तांब येऊन काळवंडलेल्या बुडाशी 'शेफील्ड' एवढाच ठसा निघाला, 'इंग्लंड' नाही. अमेरिकेने 1890 च्या मॅकिन्ली कायद्याने परदेशी मालावर देशाचे नाव सक्तीचे केले, म्हणून जाणकार असे पाते 1891 च्या आधीचे धरतात. हिंदुस्थानात आलेल्या मालाला ही कसोटी तंतोतंत लागू पडेल असे नाही, पण आमच्या हिशेबात ती बसत होती. पणजोबा 1895 साली वारले. वय सत्तावीस.

सराणवाल्याच्या चाकावर पाते धरण्याचा मोह कुणालाही होईल. करू नये. ठिणग्या उडतात, पोलाद निळे पडते आणि त्याचे पाणी उतरते, मग धार टिकत नाही. मी तेल आणि बारीक पॉलिश कागद घेऊन आठ दिवस हातानेच घासत बसलो. मुठीसाठी अंजनाचे लाकूड मिळाले. इंदिरासागर धरणासाठी 2004 साली हरसूद उठले तेव्हा लोकांनी आपली घरे आपल्याच हातांनी उकलली होती. त्यातल्या एका तुळईचा तुकडा वखारीत पडून होता. अंजन इतके जड की पाण्यात बुडते. करवतीचे दात गेले, पण तीन-तीन मिलिमीटरच्या दोन पट्ट्या निघाल्या. टोकाला जुनीच शिशाची पाचर घातली, पितळी तारेचे रिवेट ठोकले आणि लाकडाला जवसाचे तेल पाजले. पाते मिटले की धार लाकडाला न टेकता मधोमध राहिली पाहिजे. ते साधेपर्यंत दोनदा सगळे उकलावे लागले.

मग सहाणेवर घेतले. वस्तरा सहाणेवर आडवा ठेवतात. पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकतात, म्हणजे कोन पाठच ठरवते. त्यामुळे धारेबरोबर पाठही झिजते, आणि किती वर्षे वस्तरा चालला हे पाठ पाहून कळते. या पाठीवर दोन्ही बाजूंनी रुंद सपाट पट्टे पडले होते. घरी दाढी करणारा माणूस वर्षातून दोन-चारदा सहाण लावणार. सत्तावीस वर्षांच्या माणसाने मिसरूड फुटल्यापासून रोज दाढी केली तरी एवढी झीज व्हायची नाही.

वस्तरा ज्या फडक्यात गुंडाळला होता ते तेव्हा मी उजेडात नेऊन पाहिले. आलवणाचा तुकडा होता तो.

आत्या हयात असताना एकदा बोलली होती, आणि मी ते कानाआड केले होते. दर पंधरवड्याला न्हावी मागल्या दाराने येई. तो आपला वस्तरा आणत नसे, घरातला द्यावा लागे. पणजी 1931 साली गेली. म्हणजे छत्तीस वर्षे.

मुंबईत 1890 साली, नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने, नाभिकांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचे नाकारले होते. लोखंडे 'दीनबंधू'चे संपादक, जोतीराव फुल्यांचे सहकारी. पोटावर पाय देऊन घेऊन केलेला हा नकार आपल्या इतिहासात दोन ओळींत उरकला जातो, याचे मला नवल वाटते. पाच वर्षांनी सतवासच्या आमच्या मागल्या दारी मात्र तो पोचलेला नव्हता. आलेल्या न्हाव्याला दोष देण्यात अर्थ नाही. डबीतून वस्तरा काढून देणारा हात आमच्याच घरातला होता.

चामड्याच्या पट्ट्यावरची शेवटची परज मी दिली नाही. फडके ओल धरते, म्हणून वस्तरा तेल लावून डबीत ठेवला आणि आलवणाचा तुकडा शेजारी निराळा. वडिलांची चिठ्ठी तशीच आहे. तिच्याखाली पणजीचे नाव लिहायला बसलो, तेव्हा ते घरात कुणालाच आठवेना. शेवटी आजोबांच्या नावाच्या एका जुन्या जमिनीच्या कागदात ते सापडले.