अष्टूरचा वली, अष्टूरचा अल्लम

१४२३ च्या आसपासचं कलबुर्गी. पाऊस फिरकलेला नाही. भेगाळलेल्या काळ्या रानात तुम्ही उभे आहात आणि गाव सोडून माणसं टेकडीकडे निघाली आहेत. तुम्हीही मागोमाग चढता. वर नवा बहमनी सुलतान अहमदशहा जमिनीला कपाळ टेकून पाऊस मागतो आहे. आभाळ भरून येतं, सर कोसळते आणि भिजलेली गर्दी ओरडते, ‘वली! वली!’ म्हणजे संत.

असं खरंच घडलं का? ही हकीकत इतिहासकार फरिश्त्याने लिहिली, तीही जवळजवळ दोनशे वर्षांनी. इतिहासाचा विद्यार्थी इथे पुरावा मागेल आणि त्याने तो मागावाच. पण तुम्ही सांस्कृतिक मानवशास्त्राच्या वर्गात बसला असलात तर तुमचा प्रश्न निराळा. राजाने पाऊस आणला हे सांगत राहावंसं लोकांना का वाटलं? पाऊस आणणाऱ्या राजांच्या कथा जेम्स फ्रेझरने जगभरातून गोळा केल्या, पण पुस्तकांतून, खुर्चीत बसून. पुढे मानवशास्त्रज्ञ मालिनोव्स्की १९१५ ते १९१८ दरम्यान ट्रोब्रियांड बेटांवर लोकांत जाऊन राहिला आणि अभ्यासाची तऱ्हाच बदलली. तेव्हा तुम्हीही उठा, बीदरजवळच्या अष्टूरला चला.

राजधानी आता बीदरला आली आहे. १४३६ मध्ये अहमदशहा वारला. शहराच्या पूर्वेला अष्टूरच्या माळावर त्याचा मकबरा. आत मान वर करा: घुमटभर सोनेरी अक्षरं, गडद रंग, इराणातल्या किरमानच्या सूफी संत शाह निअमतुल्लांची गुरुपरंपरा. सुलतानाला आपली ओळख कुणाशी जोडायची होती, ते भिंतीच सांगतात.

आता पाच शतकं ओलांडा. निजामी राजवट सरत आली आहे. होळी होऊन गेली आहे, ऊन तापलं आहे. सुलतानाचा उरूस हिंदू पंचांगावर भरतो, हे आधी वहीत टिपा. मग वाजतगाजत मिरवणूक येते. कलबुर्गी जिल्ह्यातल्या माड्याळचा लिंगायत जंगम आपल्या माणसांसह थडग्यापाशी येतो. शंख फुंकतो, नारळ फोडतो. गुलाम याजदानींनी बीदरवरच्या १९४७ च्या ग्रंथात या प्रथेची नोंद केली आहे. गर्दीत एखाद्या आजोबांना विचारा, ‘हे कोण हो?’ एक म्हणतील, वली. शेजारचे म्हणतील, अल्लमप्रभू! बाराव्या शतकातल्या कल्याणचे शरण अल्लमप्रभू या सुलतानाच्या रूपाने पुन्हा आले, अशी लिंगायत भाविकांची श्रद्धा आहे. कानडी, मराठी, दखनी बोली कानांवर एकत्र येतात. पुढे भाषावार वाटणीत, १९५६ मध्ये, जुन्या बीदर जिल्ह्यातली भालकी-औराद म्हैसूर राज्यात गेली, उदगीर-निलंगा मुंबई राज्यात.

‘खरं कोणतं?’ हा प्रश्न तोंडावर येईल, तो गिळा. दुसरा मोह जास्त चिवट: वहीत ‘धार्मिक सलोखा’ असे दोन शब्द लिहून मोकळं होण्याचा. पत्रकाराला ते पुरतं, तुम्हाला पुरू नये. मान कोणाचा ते बघा. नारळ फोडण्याचा अधिकार माड्याळच्याच जंगमाला का? थडग्याजवळ कोण जातं, दाराबाहेर कोण थांबतं? बायका कुठे आहेत? कंदुरीचं जेवण कोण शिजवतं, कोण कोणाच्या पंक्तीला बसतं? मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे पंढरीच्या वारीत चालल्या, भारावल्याही. तरी एकाच दिंडीतले ब्राह्मण आणि मराठे वेगळे जेवतात, ही टोचणी त्यांनी वारीवरच्या आपल्या लेखातून वगळली नाही. माझ्या मते त्या लेखाची खरी ताकद तिथेच आहे. भक्तीही खरी, पंगतही खरी.

अष्टूर बीदर शहरापासून तीनेक किलोमीटरवर आहे आणि जत्रा आजही भरते. होळीनंतर जा, मुक्काम करा, पहिल्या दिवशी प्रश्न कमी विचारा. आणि मोबाइलवर घुमटाचा फोटो काढून झाला की जरा बाहेर येऊन स्वयंपाकाच्या चुलींपाशी बसा.