जवसाच्या फडक्याची कुळकथा

जवस म्हटला कीं तेल आणि चटणी यांपलीकडे आपल्याकडे सहसा कोणाचें मन जात नाहीं. नागपूर-वऱ्हाडाकडे रबीच्या हंगामांत या पिकाचीं निळीं फुलें ज्यांनीं पाहिलीं असतील, त्यांनाही त्याच्या काडीचा वाख निघतो आणि त्या वाखाचें उंची कापड होतें, हें ठाऊक असतेंच असें नाहीं. आपल्या पूर्वजांना तें ठाऊक होतें. अमरकोशांत जवसाला अतसी, उमा आणि क्षुमा अशीं नांवें दिलीं आहेत, व क्षौम वस्त्राला तें नांव या क्षुमेवरूनच मिळालें. पुढें कापसाचा देश म्हणून आपली ख्याति झाली, आणि क्षौम म्हणजे रेशमी वस्त्र असाच अर्थ पुष्कळजण करूं लागले. जवसाचें कापड, म्हणजे लिनन, जेथें माजघरापासून मुदपाकखान्यापर्यंत शिरलें तो मुलूख युरोपचा; आणि इंग्रजांच्या घरांतील लिननची हकीकत सांगावयाची तर आयर्लंडच्या उत्तरेकडील अल्स्टर प्रांतांतच गेलें पाहिजे.

एकोणिसाव्या शतकांतील इंग्रज श्रीमंताच्या घरीं कांचेचे पेले पुसण्याचें फडकें निराळें, ताटें पुसण्याचें निराळें आणि हात पुसण्याचें खडबडीत विणीचें निराळें असे. प्रत्येकाच्या कोपऱ्यांत तांबड्या दोऱ्यानें घरधन्याचीं आद्याक्षरें व अनुक्रमांक भरलेला असावयाचा, आणि एकाचें काम दुसऱ्यानें घेतल्यास नोकराची धडगत नसे. आपल्या सोंवळ्या-ओंवळ्याला हसणाऱ्या साहेबाच्या घरचें हें सोंवळें आम्हांस मोठें गमतीचें वाटतें! पुडिंग शिजविण्याचें फडकें तर याहूनही जपून वापरीत. तें उकळत्या पाण्यांत बुचकळून, पिळून, त्यावर पीठ भुरभुरावयाचें, मग त्यांत पुडिंगाचा गोळा बांधून तासन् तास उकळत ठेवावयाचा.

हा मान लिननला उगीच मिळाला नव्हता. जवसाचा धागा लांब असतो. त्याचे तंतु सुटून पेल्याला चिकटत नाहींत. तो पाणी चटकन शोषतो व चटकन वाळतो. कोरड्यापेक्षां ओला असतांना तो अधिक बळकट होतो. त्यामुळें रोज उकळलें, आपटलें, पिळलें तरी असें फडकें वर्षानुवर्षें टिकतें, आणि जितकें जुनें तितकें मऊ होत जातें.

हा गुण काडींतून बाहेर काढणें हें मात्र मोठ्या कष्टाचें काम. आपल्याकडील जवस बियांसाठीं असल्यामुळें त्याला फांद्या फुटूं देतात. अल्स्टरांत वाखासाठीं तो एप्रिलच्या सुमारास दाट पेरीत, म्हणजे काडी एकटी व उंच वाढे. ऑगस्टांत तो कापीत नसत. मुळासकट हातानें उपटून पेंढ्या बांधीत, आणि त्या डबक्यांत घालून वर दगड ठेवून आठ-चौदा दिवस कुजत ठेवीत. अंबाडी कुजत घातलेली ज्यांनीं पाहिली आहे त्यांना त्या वासाची कल्पना देण्याची गरज नाहीं. कमरेइतक्या पाण्यांत उभे राहून त्या पेंढ्या बाहेर काढाव्या लागत. आणि तेंच पाणी ओढ्यांत सोडलें तर मासे मरत. मग वाळविणें, काडी मोडून वाख सोडविणें, लोखंडी दातांच्या फणीनें तो विंचरणें, अशी ती लांब वाट.

१६९६ सालीं इंग्लंडनें आयरिश लिननवरील जकात उठविली. दोन वर्षांनीं लुई क्रोमेलिन हा फ्रेंच प्रॉटेस्टंट लिस्बर्न येथें आला, व या धंद्याचें सारें श्रेय पुढें त्याला मिळालें. आमच्या मतें तें अंमळ अधिकच मिळालें. कारण त्याच्या आधींही अल्स्टरचे शेतकरी कापड विणीतच होते. विल्यम हिंक्स यानें १७८३ सालीं कोरलेल्या चित्रांत हा घरगुती धंदा उत्तम दिसतो.

विणलेलें कापड तपकिरी असे. तें खारांत उकळून, आंबट ताकांत भिजवून, महिनोन् महिने हिरवळीवर पसरीत. फ्रान्सिस होम यानें १७५६ सालीं ताकाऐवजीं पातळ केलेला गंधकाम्ल सुचविल्यावर हा काळ पुष्कळ घटला. पण कापड रात्रंदिवस उघड्यावर पडलेलें, तेव्हां चोऱ्या होत; आणि त्या चोरीला फांशीची शिक्षा होती. पंच मंडळी एका थानापायीं माणूस फांशीं द्यावयास कचरूं लागली व चोर निर्दोष सुटूं लागले. शेवटीं खुद्द कारखानदारांनींच ही शिक्षा कमी करण्याची विनंति केली, व १८११ सालीं ती रद्द झाली. दया दाखविल्यावांचून मालाचें रक्षण होत नाहीं, हें व्यापाऱ्यांना उमगलें, एवढाच त्याचा अर्थ!

१८२५ सालीं जेम्स के यानें वाख पाण्यांत भिजवून बारीक सूत यंत्रावर कातण्याची युक्ति काढली आणि घरचा चरखा मागें पडला. बेलफास्टची यॉर्क स्ट्रीटवरील कापसाची गिरणी १८२८ सालीं जळाली होती; ती १८३० सालीं जवसाचें सूत कातण्यासाठीं पुन्हां उघडली. पुढें तें शहरच लिननचें झालें. कातणखात्यांत वाफ व ऊन पाणी इतकें असे कीं बायका-पोरी अनवाणी उभ्या राहत, आणि त्यांच्या पायांच्या अंगठ्यांचीं नखें पिकत. कोरड्या खात्यांत वाखाची धूळ छातींत बसे. शाळेच्या वयाचीं मुलें अर्धा वेळ शाळेंत व अर्धा वेळ गिरणींत जात. घरीं बसून शिवण-भरतकाम करणाऱ्यांची दशाही तशीच. बेलफास्टच्या आरोग्याधिकाऱ्यानें १९०९ सालच्या अहवालांत नमूद केलें आहे कीं, एका अभ्र्यावर ३०० ठिपके हातानें भरण्याबद्दल एका बाईस एक पेनी मिळे, व दिवसभर खपूनही ६ पेन्यांची मिळकत तिला कठीण जाई.

१९११ च्या ऑक्टोबरांत गिरण्यांतून नवे नियम लागले: गाणें, हंसणें, बोलणें, केस सारखे करणें, सर्वांस दंड. बायकांनीं संप केला. पण निर्वाहाचें साधन तुटपुंजें. संप फार टिकणें शक्य नव्हतें. तेव्हां जेम्स कॉनली यानें त्यांस सल्ला दिला कीं, कामावर जा, पण सगळ्या मिळून गात जा. आणि एकीला गाण्याबद्दल दटावलें तर साऱ्या खात्यानें गावयास लागावें.

कापडाला शेवटची चकाकी येई ती कुंदीनें. कुक्सटाउनजवळ वेलब्रुक येथें पाणचक्कीवर चालणारे लांकडी ठोकळे लिनन कुटीत. १९६१ सालीं तें काम थांबलें, व आतां ती गिरणी पाहावयास ठेवलेली आहे. वाखाचा जवस आज मुख्यतः फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्याकडे आणि बेल्जममध्यें पिकतो. आपल्या दुकानांत जें लिनन मिळतें त्याचा वाखही बहुधा तिकडूनच आलेला असतो. आणि वऱ्हाडांतील जवसाची काडी बी झोडून घेतल्यावर चुलींत जाते.