किलार्नीतला पाहुण्यांचा भाव

परक्याला चढा भाव सांगणे ही निव्वळ लबाडी, असे आपण चटकन ठरवून टाकतो. आयर्लंडमधल्या किलार्नीचा इतिहास पाहिला की हा निवाडा घाईचा वाटतो. १८५३ मध्ये तिथे रेल्वे पोचली आणि तळी पाहायला येणाऱ्यांची रीघ लागली. बटाट्याच्या पिकावरील रोगाने १८४५ पासून पडलेल्या भीषण दुष्काळातून मुलूख नुकता कुठे सावरत होता. जमिनी जमीनदारांच्या होत्या. किलार्नीजवळच्या गॅप ऑफ डनलो या खिंडीत बायका शेळीच्या दुधात पोचीन ही गावठी दारू घालून पर्यटकांना विकत. त्या पेल्याला गावातला भाव असणार कुठून? त्याचे गिऱ्हाईकच मुळी बाहेरचे होते, आणि उन्हाळ्याच्या मोजक्या महिन्यांत वर्षाची बेगमी करायची होती.

गरिबी असली तरी लूट ती लूटच, असा आक्षेप येईल. भाव न सांगता घोडागाडीत बसवायचे आणि उतरताना अडवायचे, ही फसवणूकच आहे; तिचे समर्थन होऊ शकत नाही. पण आधी उघड सांगितलेला चढा दर आणि फसवणूक यांत फरक केलाच पाहिजे. पुढे परिस्थितीही बदलली. १९३२ मध्ये किलार्नीजवळची मक्रॉसची इस्टेट मालकांनी राष्ट्राला दिली; तीच आजच्या राष्ट्रीय उद्यानाचा गाभा. आयर्लंडमध्ये २००० च्या कायद्याने राष्ट्रीयत्वावरून ग्राहकांत भेदभाव करण्यास मनाई झाली. आज किलार्नी राष्ट्रीय उद्यानात देशी-परदेशी सर्वांना प्रवेश मोफत आहे.